गव्हाला जस्ताची जोड

कोल्हापूर जिल्हा ऊस आणि भात यांसाठी प्रसिद्ध आहे. तथापि शिरोळ, हातकणंगले या पूर्वेकडील तालुक्यांत खरिपाच्या काढणीनंतर ओलिताखाली गव्हाचेही पीक घेतले जाते. सतत पिके देणाऱ्या या काळ्या जमिनींना नत्र, स्फुरद व पालाश यांचा पुरवठा होतो. परंतु पिकांनी शोषून घेतलेले जस्त व लोह यांची भरपाई बहुधा केली जात नाही.

कमतरता कशी ओळखावी?

चुनखडीयुक्त जमिनीत जस्त असूनही ते पिकास उपलब्ध होत नाही. स्फुरद वाजवीपेक्षा अधिक दिल्यास त्याचे शोषण आणखी मंदावते. परिणामी वाढ खुंटते, फुटवे कमी येतात आणि पानांवर फिकट पट्टे दिसतात. लोहाच्या अभावी कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. याउलट राधानगरी, शाहूवाडीकडील तांबड्या, आम्लधर्मी जमिनींत लोह विपुल असते. म्हणून सर्वत्र एकच मात्रा देणे योग्य नव्हे. माती परीक्षण प्रथम करावे. मातीच्या दहा लाख भागांत उपलब्ध जस्त ०.६ भागापेक्षा किंवा लोह ४.५ भागांपेक्षा कमी आढळल्यास कमतरता समजावी.

मात्रा व पद्धत

जस्ताची कमतरता असल्यास पेरणीपूर्वी हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट आणि लोहाची असल्यास २० किलो फेरस सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे. स्फुरदयुक्त खतांत झिंक सल्फेट मिसळू नये. बागायती गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र लागते. २० किलो झिंक सल्फेटमधून मिळणारे जस्त अवघे ४ किलो असते. मात्र या ४ किलोंवाचून त्या १२० किलोंचा पुरेपूर लाभ मिळत नाही.

उत्पादन आणि दाण्याची प्रत

जमिनीतून दिलेल्या जस्ताने मुख्यतः उत्पादन वाढते. दाण्यातील जस्त वाढविण्यासाठी दाणे दुधाळ असताना केलेली फवारणी अधिक उपयुक्त ठरते. त्यासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम चुना यांची निवळी वापरावी. तुर्कस्तानच्या मध्य अनातोलियातील जस्तहीन जमिनींत १९९० नंतरच्या दशकात जस्तयुक्त खतांनी गव्हाचे उत्पादन लक्षणीय वाढले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘एमएसीएस ४०२८’ या वाणात १४.७ टक्के प्रथिने असून जस्तही अधिक आहे.

बालकांची वाढ व रोगप्रतिकारशक्ती यांसाठी जस्त अत्यावश्यक आहे. ते दाण्याच्या बाह्य थरांत व अंकुरात अधिक असते. कोंडा चाळून टाकल्यास शेतात मिळविलेले घरात गमावले जाते. ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत सूक्ष्म अन्नद्रव्यांचीही नोंद असते. पंचायत सदस्यांनी पेरणीपूर्वी तिचे ग्रामसभेत वाचन घडवून आणल्यास, कोणत्या शेताला काय हवे हे शेतकऱ्यास वेळीच कळेल आणि अनावश्यक खतांवरील खर्चही वाचेल.