माल उशिरा आला, आपण उतरवून घेतला... आता भरपाई मिळेल का?



समोरच्याने करार मोडला की आपलं सगळं नुकसान त्याच्याकडून वसूल करता येतं, असा समज आपल्याकडे पक्का आहे. कायदा तसं म्हणत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 मधली 55, 73 आणि 74 ही तीन कलमं एका उदाहरणावरून समजून घेऊ.

समजा, तुमचा दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे. 5,000 छापील बॉक्स, दर 12 रुपये, डिलिव्हरी 10 ऑक्टोबरला. त्या दिवशी प्रिंटर म्हणतो, "साहेब, मशीन बंद पडलंय, आठ दिवस द्या." 18 तारखेला टेम्पो दारात येतो. आपण काय करतो? मनातल्या मनात दोन शिव्या घालतो, माल उतरवतो आणि चलानवर सही करतो.

गाडी इथेच अडते. वेळ हा कराराचा गाभा असेल आणि तारीख चुकली, तर कलम 55 प्रमाणे करार रद्द करायचा हक्क तुम्हाला मिळतो. पण तो न वापरता उशिराचा माल स्वीकारलात आणि स्वीकारताना भरपाई मागणार असल्याचं कळवलं नाहीत, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही. "स्वीकारताना" हा शब्द नीट वाचा. महिन्याभराने चिडून पाठवलेली नोटीस इथे कामाची नाही. चलानवर सहीच्या वर एवढंच लिहा: "माल 8 दिवस उशिरा मिळाला. उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क राखून स्वीकारत आहोत." तोच मजकूर लगेच व्हॉट्सअ‍ॅप आणि ई-मेलवरही टाका. आणि ऑर्डर देतानाच पीओमध्ये "डिलिव्हरीची तारीख हा या कराराचा गाभा आहे" हे वाक्य असू द्या.

आता माल नाकारलात असं धरू. तसेच बॉक्स तुम्ही दुसरीकडून 15 रुपयांनी घेतलेत. फरक 3 रुपये, म्हणजे 15,000 रुपये. कलम 73 मधला हा सरळ हिशोब, बिलं जपून ठेवा. पण बॉक्स नसल्यामुळे एका कंपनीची गिफ्टची ऑर्डर गेली आणि 80,000 चा नफा बुडाला, तर? तो आपोआप मिळत नाही. करार करतानाच प्रिंटरला त्या ऑर्डरची कल्पना होती का, हा प्रश्न येतो. कायद्यातच एक छान उदाहरण आहे: मशीन वेळेत पोचलं नाही तर गिरणी बंद राहील, हे वाहतूकदाराला सांगितलं होतं. मशीन उशिरा आलं. गिरणीमालकाला त्या दिवसांचा सरासरी नफा मिळतो, पण हातचं गेलेलं सरकारी कंत्राट मात्र नाही. या विचारामागे 1854 चा इंग्लंडमधला हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा गिरणीचाच खटला आहे. म्हणून पीओवर एक ओळ वाढवा: "हे बॉक्स अमुक ऑर्डरसाठी आहेत, उशीर झाल्यास ती ऑर्डर रद्द होईल." फुकटची ओळ आहे, पण वाद झाला तर ती 80,000 ची ठरू शकते.

आणि हो, हातावर हात ठेवून बसू नका. पर्याय असतानाही नुकसान वाढू दिलंत, तर तेवढी रक्कम कोर्ट धरत नाही.

"रोज 2,000 रुपये दंड" असं लिहून घेतलं म्हणून तेवढे मिळतीलच, असंही नाही. कलम 74 प्रमाणे ती रक्कम म्हणजे कमाल मर्यादा. तिच्या आत कोर्टाला वाजवी वाटेल तेवढी भरपाई. नुकसानच झालं नसेल तर दंड नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या खटल्यात स्पष्ट केलंय.

बरेच जण यातलं काही न करता सरळ पेमेंट अडवतात. जरा जपून! प्रिंटर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे पेमेंट नेता येत नाही. पुढे गेलात की बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. मालाबद्दल तक्रार असेल तर ती डिलिव्हरीपासून 15 दिवसांच्या आत लेखी द्या, नाहीतर माल स्वीकारला असंच धरलं जातं. कोर्टात दावा लावायला मुदत सहसा करारभंगापासून 3 वर्षं असते. तोपर्यंत त्या चलानची प्रत फाइलमध्ये सापडली पाहिजे, आधी ती शोधून ठेवा.