लाजाळूचं निरीक्षण आणि खोडलेला आकडा



पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, शाळेच्या कुंपणाजवळ लाजाळू सहज सापडते. यंदा चौथीच्या मुलांना घेऊन मी तिचं निरीक्षण केलं. त्यात मुलांपेक्षा मीच जास्त शिकले.

साहित्य : घड्याळ, काडी, वही, पेन्सिल.

कृती : खोडाला काटे असतात, म्हणून रोप उपटायचं नाही. पानाच्या टोकाच्या पर्णिकेला काडीने अलगद स्पर्श करा. पर्णिका जोडीजोडीने मिटत जातात. जरा जोरात टिचकी मारली, तर अख्खं पान देठासकट खाली झुकतं. आता पान पुन्हा पूर्ण उघडायला किती वेळ लागतो, तो मोजा.

असं का होतं? पर्णिकेच्या आणि देठाच्या बुडाशी छोटा फुगीर भाग असतो. स्पर्श झाला की तिथल्या काही पेशींतलं पाणी झटकन बाहेर पडतं. तो भाग सैल पडतो आणि पान मिटतं. पाणी परत भरलं की पान उघडतं. जगदीशचंद्र बोस यांनी याच वनस्पतीवर प्रयोग करून तिच्यातल्या विद्युत संदेशांचा अभ्यास केला होता.

आता माझी चूक. वर्गातून निघतानाच मी सांगून टाकलं, "पाच मिनिटांत पान उघडतं बरं का!" नंतर वह्या तपासल्या, तर जवळजवळ सगळीकडे पाच मिनिटं. मी खूश! पण एका मुलीच्या वहीत पाचच्या खाली खोडलेला अकरा दिसला. विचारलं, तर हळूच म्हणाली, "बाई, अकराच झाली होती. पण तुम्ही पाच सांगितलं होतं ना."

डोळ्यांनी पाहिलेलं तिने माझ्या शब्दासाठी खोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी काहीही न सांगता पुन्हा गेलो. या वेळी सात, नऊ, अकरा, चौदा असे आकडे आले. एकाचं पान तर घंटा झाली तरी अर्धवटच! मग मुलंच भांडू लागली, "तू जोरात मारलंस!", "माझं सावलीत होतं!" खरा पाठ तिथे सुरू झाला.

पालकांसाठी : संध्याकाळी अंधार पडताना मुलांना लाजाळू दाखवा. हात न लावताही पानं मिटलेली दिसतील. पण हे आधी सांगू नका. मुलाला पाहू द्या, आणि तो जे लिहील ते खोडू नका.