वीणेची तार आणि आपली काया

सोण कोळिविस हा सुखात वाढलेला, कोमल पायांचा तरुण. भिक्षू झाल्यावर राजगृहाच्या सीतवनात त्याने इतके चंक्रमण केले, की तळवे फुटून वाट रक्ताळली. तथागतांनी त्याला वीणेचा दाखला दिला : तार अति ताणली किंवा अगदी सैल सोडली, तर सूर लागत नाही. पुढे त्याच्या निमित्ताने सर्वच भिक्षूंना पादत्राणांची अनुज्ञा मिळाली, असे विनयपिटक सांगते.

योगासनांनाही हाच नियम लागू आहे. जुन्नर-आंबेगावात दिवसभर भातलावणीत किंवा कांद्याच्या वाफ्यात वाकलेली कंबर सायंकाळी पश्चिमोत्तानासनात जबरदस्तीने ओढू नये. गुडघे थोडे वाकवावेत. स्नायूंना ताण जाणवणे योग्य. पण सांध्यात कळ आली किंवा श्वास अडखळला, की तेथूनच मागे यावे. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना धाप लागली, तर आपण थांबतोच ना? पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची यांच्या साहाय्याने आसने शिकविली. आधार घेण्यात कमीपणा नाही.

कायानुपश्यना म्हणजे काया आज जशी आहे तशी पाहणे. शेजाऱ्याशी चढाओढ सुरू झाली, की हे पाहणे सुटते आणि दुखापत होते.