भेट झाली, पण सेवा झाली का?

अभ्यासपाठ : वाचन – लूक 10:25-37



आपल्या देणग्यांतून जालना जिल्ह्यातील आदिवासी वस्त्यांवर जी गृहसेवा चालते, तिचा अहवाल मी दर तिमाहीला लिहिते. या वेळी मात्र एक पाठ लिहीत आहे. तो आधी मलाच शिकावा लागला.

दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या गाडीत बसून ऊसतोडीला जातात. वस्तीवर राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी काही मुले. भोकरदन तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवर अशीच एक आजी अंथरुणाला खिळून होती. आमची सेविका तिच्याकडे आठवड्यातून दोनदा जाई. तक्त्यात सगळ्या खुणा बरोबर होत्या : अंग पुसले, चादर बदलली, जेवण दिले, प्रार्थना केली. मी तो तक्ता पाहिला, सही केली आणि कार्यालयाला पाठवला.

नाताळच्या आधी मी स्वतः गेले. चादर खरोखरच स्वच्छ होती. मी आजीला कुशीवर वळवले, तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम दिसली. आजी म्हणाली, "ताई, चादर बदलत्यात, पण मला कुणी वळवत न्हाई. अन् पाणी मी मागत न्हाई. पाणी पिलं की लघवीला लागतं, मग कुणाला हाक मारू?"

माझी सही त्या तक्त्यावर होती. सेविकेला दोष देणे सोपे होते. पण तिला कूस बदलायला आम्ही कधी शिकवले नव्हते, आणि तीन वस्त्या तिच्या एकटीवर टाकल्या होत्या. तक्त्यात आम्ही कामे मोजत होतो. आजीची अवस्था कुठेच लिहिली जात नव्हती.

आता वचनाकडे वळू. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमांना तेल व द्राक्षारस लावला, पट्टी बांधली, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, हे आपल्याला पाठ असते. पण 35 वे वचन पुन्हा वाचा. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार देतो, काळजी घ्यायला सांगतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा भरीन असा शब्द देतो. यात मला तीन गोष्टी दिसतात. त्याने काम दुसऱ्यावर सोपवले, पण जबाबदारी सोडली नाही. तो परत येणार होता. आणि येताना तो दोष काढायला नव्हे, तर राहिलेला भार उचलायला येणार होता. सेवेची तपासणी कशी करावी, याचा यापेक्षा चांगला नमुना मला ठाऊक नाही.

आपल्या महाराष्ट्रातही याचे दाखले आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या तक्ता भरून नव्हे, तर नीट पाहून शिकल्या. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. तिथे घरभेटी होत्याच, पण शेवटी पाहिले गेले ते बाळ जगले का हे.

आजीच्या घरून परतल्यावर आम्ही तक्ता बदलला. आता प्रत्येक घरी पुढील गोष्टी पाहतो :

1. कातडी – माकडहाड, टाचा, खुबे, खांदे आणि डोक्याची मागची बाजू. लाल डाग बोटाने दाबून पाहावा. दाबल्यावर पांढरा पडला नाही तर जखमेची सुरुवात समजावी. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून तिथे जागा गरम, कडक किंवा अधिक काळी झाली आहे का ते हाताने पाहावे. कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी. हे सेविकेच्या भेटीत होणार नाही, म्हणून घरच्या किंवा शेजारच्या माणसाला शिकवावे लागते.

2. तोंड आणि पाणी – जीभ कोरडी आहे का? तांब्या हाताला पोहोचतो का?

3. कोरडेपणा – अंथरूण वरून नव्हे, खाली हात घालून पाहावे.

4. मान – अंग पुसताना दार लोटले का? आधी विचारले का? आंधळ्या बार्तीमयाला काय हवे आहे ते दिसत होते, तरी येशूने त्याला विचारले (मार्क 10:51).

5. काळजी घेणारा – सून, नात किंवा शेजारीण स्वतः जेवते का, झोपते का? ती खचली तर सेवा थांबते.

शेवटचा प्रश्न रुग्णालाच, सेविका बाहेर असताना विचारतो : "रात्री लागलं तर कुणाला हाक मारता?" या उत्तरातून जेवढे कळते, तेवढे पूर्ण तक्त्यातून कळत नाही.

आजीची जखम परिचारिकेच्या मलमपट्टीने हळूहळू भरत आली. शेजारची एक मावशी दिवसा तिची कूस बदलते आणि हाकेला येते. तिला आम्ही थोडे मानधन देतो. रात्रीची सोय अजून झालेली नाही. ते मी लपवत नाही.

मंडळीत चर्चेसाठी :

• आपल्या मंडळीत घरी पडून असलेले कोण आहे? त्यांच्याकडे आपण गेलो, तेव्हा काय पाहिले?

• 35 व्या वचनातील 'परत येणे' आपल्या सेवेत कुठे आहे?

• ज्याला आपण काम सोपवतो, त्याचा भार वाढला तर तो कोण उचलतो?

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांसाठी, मागे राहिलेल्या वृद्धांसाठी आणि आमच्या सेविकांसाठी प्रार्थना करा. माझ्यासाठीही करा, की यापुढे सही करण्याआधी मी चादर उचलून पाहीन.