वृद्धांचे सामाजिक केंद्र

निर्वाहापुरते अर्थसाहाय्य दिले म्हणजे वृद्धांविषयीचे समाजाचे कर्तव्य संपते काय? १९४० नंतरच्या काळात न्यूयॉर्क शहराच्या कल्याण खात्यातील समाजसेवकांपुढे हा प्रश्न उभा राहिला. साहाय्य घेणारे वृद्ध काही काम नसतानाही कचेरीत येत व बोलत बसत. त्यांना पैशाइतकीच सोबतीचीही निकड आहे, हे यावरून दिसून आले. म्हणून १९४३ मध्ये ब्राँक्स विभागात एक केंद्र उघडण्यात आले. त्याच वर्षी जानेवारीत विमान-अपघातात मृत्यू पावलेले शहराचे कल्याण आयुक्त विल्यम हॉडसन यांचे नाव त्यास देण्यात आले. अमेरिकेतील हे अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते.

असे केंद्र म्हणजे वृद्धाश्रम नव्हे. येथे येणारा वृद्ध दिवस समवयस्कांत घालवून आपल्या घरी परततो. पुढे १९६५ च्या कायद्याने वृद्धांच्या सेवांसाठी केंद्र सरकारचे अनुदान सुरू झाले आणि १९७२ च्या दुरुस्तीने सहभोजनाची तरतूद झाली. भोजनाच्या निमित्ताने एकाकी माणूसही घराबाहेर पडू लागतो. मात्र ज्याला जिना उतरवत नाही, त्याच्यापर्यंत केंद्राने स्वतः जावयास हवे. तसे न झाल्यास सर्वांत एकाकी माणूसच सोबतीला पारखा राहतो.