ओढ्याकाठची खरखरीत कांडी काय सांगते?



ओढ्या-नदीच्या काठी, वाळूमिश्रित ओल्या जमिनीत एक हिरवी वनस्पती वाढते. उसासारखीच कांड्याकांड्याची, पण काडी आतून पोकळ. पाने जवळजवळ नाहीतच. प्रत्येक पेऱ्याभोवती बारीक दातेरी टोपण असते. ओढली की पेऱ्यावर पटकन सुटते. शास्त्रात हिला इक्विसिटम म्हणतात. इंग्रजीत घोड्याच्या शेपटीवरून हॉर्सटेल असे नाव पडले आहे.

हिला ना फूल, ना बी. शेंड्यावरच्या लहान बोंडातून बीजाणू उडतात. कूळ फार जुने. नागपूरकडच्या खडकांत सापडलेल्या हिच्या भाऊबंदांच्या ठशांचे वर्णन १८६१ सालीच छापून आले होते.

काडी बोटांनी घासून पाहा, कानशीसारखी लागते. कारण तिच्यात वाळूतले द्रव्य, म्हणजे सिलिका, भरपूर असते. म्हणूनच युरोपात हिने भांडी घासत आणि जपानात लाकूड गुळगुळीत करीत. आपला ऊसही जमिनीतून सिलिका उचलतो. उसाचे पान हाताला कापते ते काही उगीच नाही!

आता कामाचे बोलू. ही वनस्पती ओढ्याच्या काठावर आहे तोवर बिघडत नाही. तिची मुळे माती धरून ठेवतात. पण ती उसाच्या फडात, खालच्या बांधाला दिसू लागली, तर खाली ओल साचून राहते का हे लगेच पाहावे. तिथे दोन-तीन फूट खड्डा घ्यावा. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी उभे दिसले, तर दुखणे तणाचे नव्हे, पाण्याचे आहे. उसाच्या मुळांना हवा मिळत नाही, फुटवा कमी होतो, खोडवा बसतो. पुढे पाणी वर चढून उडून जाते, क्षार मागे राहतात आणि सोन्यासारखी जमीन खारवट होते. जायकवाडीचे पाणी आले म्हणजे हवे तितके पाजावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

मग करावे काय?

१) नुसती कापू नये. जमिनीतल्या खोडापासून ती पुन्हा फुटते. नांगराने तुकडे झाले तर उलट पसरते.

२) पाने नसल्याने तणनाशकाचा भरवसा धरू नये.

३) उताराकडे खोल चर काढून पाणी ओढ्याला लावावे. एकट्याने जमत नसेल, तर शेजाऱ्यांनी मिळून काढावा.

४) पाण्याची पाळी जमीन पाहून द्यावी.

५) वैरणीत ही काडी येऊ देऊ नये. तिच्यातील द्रव्य जनावराच्या अंगातले ब-१ जीवनसत्त्व नासवते. घोड्यांना जास्त बाधते. वाळली तरी दोष जात नाही.

उस्मानपुऱ्याहून पैठण रस्त्याने गेले की कांचनवाडीला वाल्मी ही संस्था आहे. १९८० साली ती पाणी व जमीन यांच्या व्यवस्थापनासाठीच स्थापन झाली. शहरात कामाला येणाऱ्या सभासदांनी तिकडे जरूर चक्कर टाकावी.

थोडक्यात, तण काढण्याआधी पाणी काढा. पाणी गेले की निम्मे काम झालेच म्हणून समजा.