संपमधलं पाणी रोज का घटतं?

प्रश्न : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची नवी टाकी भरलेली दिसते, पण तिच्याखालच्या संपमधली, म्हणजे पंपाच्या टाकीतली, पातळी रोज उतरते. गळती असेल का?

उत्तर : खालची लादी कोरडी असेल, तर हे बाष्पीभवन आहे. वरची पातळी ओव्हरफ्लोच्या काठाने ठरते. त्यामुळे सगळी घट संपमध्ये, पंपाच्या कप्प्यात दिसते. मीठ उडून जात नाही, म्हणून भर आरओ-डीआयने शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याचीच घाला, रोज थोडी थोडी. विशिष्ट घनता १.०२५च्या आसपास राहू द्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वीज गेली की वरचं पाणी संपमध्ये उतरतं. पंप मुद्दाम बंद करून संप ओसंडत नाही ना, ते पाहा. पुन्हा चालू केल्यावर स्थिरावलेल्या पातळीवर मार्करने रेघ मारा. त्या रेघेच्या वर कधीही पाणी भरू नका.